फ्रान्सचा बेत आखताना

आज रात्री जेवणं उरकून सगळे नकाशा पसरून बसलो. दक्षिण फ्रान्समधल्या वालान्सोल गावचं लॅव्हेंडर बघायची आईची फार इच्छा होती, पण ते फुलतं जूनअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि आपल्या शाळा जूनमध्येच उघडतात. लॅव्हेंडरवर पाणी सोडलं, मन लागलं नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य या भागाकडे. चुनखडीचे कडे, खाली संथ नदी, सार्ला या गावचा शनिवारचा बाजार, मेमध्ये तिथली स्ट्रॉबेरी आणि वर्षभर अक्रोड. बदकाच्या मांसासाठी तो भाग प्रसिद्ध आहे, म्हणून शाकाहारी बाबांसाठी स्वयंपाकघर असलेलं शेतघरच भाड्याने घ्यायचं ठरलं.

लेकीचं मन अडकलं ते तिथल्याच लास्कोच्या गुहेत, जिच्या भिंतींवर आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत. १९४० मध्ये चार मुलांना ती सापडली, आणि लोकांच्या श्वासांनी चित्रं खराब होऊ लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद झाली. "म्हणजे आपल्या श्वासाने?" हे तिने तीनदा विचारलं. आता २०१६ मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती बघायची. मला त्यातही काही कमी वाटत नाही; सतरा हजार वर्षांपूर्वी भिंतीवर रंगवलेले ते बैल जपायला एवढं करायलाच हवं.

मे महिन्यात तिकडे कोणी गाडी भाड्याने घेऊन फिरलं असेल तर जरूर सांगा. उजव्या बाजूने चालवायची सवय किती दिवसांत होते?