लॉट, मार्जिन आणि हळद

सांगलीतल्या माझ्या बारावी कॉमर्सच्या मुलांना मी सांगते, बाजारातल्या इंग्रजी शब्दांसाठी शब्दकोश नंतर उघडा, आधी मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघून या. एका शेतकऱ्याची पोती एका जागी लावलेली असतात, तो त्याचा ‘लॉट’. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतात, बोली चढते, भाव क्विंटलवर ठरतो. वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचा भाव जिथे आजच ठरतो तिथे, मात्र लॉटचं वजन आधीच ठरलेलं. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारावर हळदीचा एक लॉट म्हणजे ५ टन.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘मार्जिन’चा. किराणा दुकानदाराचं मार्जिन म्हणजे खरेदी-विक्रीतला फरक, त्याच्या हातात उरणारा पैसा. वायद्यातलं मार्जिन म्हणजे सौद्यासाठी भरायची अनामत, आणि भाव उलटला की आणखी भरावी लागते. एकात पैसा येतो, दुसऱ्यात अडकतो! ज्यांच्या घरी हळद पिकते, त्या मुलांनी हे नीट समजून घेतल्याशिवाय वायद्यात उतरूच नये, असं मला फार वाटतं.

ब्रोकर, कमिशन सोपे. शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारा अडत्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. ‘स्टॉक’साठी मी सांगलीजवळच्या हरिपूरच्या जुन्या पेवांचं उदाहरण देते. जमिनीखाली साठवलेली हळद, म्हणजे शिल्लक माल. शेअरबाजारातला स्टॉक म्हणजे कंपनीतला हिस्सा, तो धडा त्यानंतर.