भाचीच्या खटल्यात लाभलेला आधार

माझ्या अल्पवयीन भाचीवर ओळखीतल्याच माणसाने अत्याचार केला. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने मनाई आहे, म्हणून गाव आणि साल सांगत नाही. तिची आई पार खचली होती, त्यामुळे तक्रारीपासून साक्षीपर्यंत मावशी म्हणून मीच सोबत राहिले.

आधी आम्हाला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावले. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो, हे मी धरून बसले, तेव्हा महिला उपनिरीक्षक साध्या वेशात घरी आल्या. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते, तसे कळवलेही. पण ही समिती मुलीला सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात सोबत राहून मदत करणारी व्यक्ती देऊ शकते, हे आम्हाला रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडून कळले. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत ही तरतूद आहे आणि ती कुटुंबाला पहिल्याच दिवशी समजायला हवी, असे मला फार तळमळीने वाटते. आम्ही अर्ज केला आणि एका सामाजिक संस्थेतल्या ताईंची नेमणूक झाली.

ताईंनी सरकारी वकिलांकडून तारखा कळवल्या, शाळेशी बोलणी केली. पण खरा आधार साक्षीच्या वेळी झाला. त्यांनी आदल्या दिवशीच परवानगी काढून भाचीला रिकामे न्यायालय दाखवले. न्यायाधीश कुठे बसतील, पडदा कुठे असेल, आरोपी तिला का दिसणार नाही, हे त्यांनी तिथे उभे राहून समजावले आणि तिला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवूनही पाहिले. बचाव पक्षाचे वकील थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फतच येतात, आणि मध्ये थांबावेसे वाटले तर तसे सांगता येते, हे ऐकल्यावर तिने पहिल्यांदा आपणहून शंका विचारली: पाणी मागितले तर चालेल का? साक्षीच्या दिवशी तिने खरोखरच दोनदा थांबायला सांगितले आणि न्यायाधीशांनी तिला तेवढा वेळ दिला.

अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यातही ताईंनीच मदत केली. अंतरिम भरपाईचा आदेश विशेष न्यायालय गुन्हा नोंदवल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर देऊ शकते, त्यासाठी निकालापर्यंत थांबावे लागत नाही, हेही त्यांच्याकडूनच समजले. निकाल अजून यायचा आहे. भाचीचे समुपदेशन चालू आहे.