आईला घेऊन फोगो बेटावर जेवायला

सोमवार-गुरुवार वगळायचे, श्रावण लागायच्या आत उरकायचं आणि आईच्या परतीच्या विमानाच्या आधी. फोगो आयलंड इनमध्ये दोघांसाठी टेबल मागताना माझ्यासमोर एवढ्या अटी होत्या. शेवटी २८ जून २०२४, शुक्रवार मिळाला. मासे खायचा वार.

हे हॉटेल कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्यापलीकडच्या बेटावर आहे. जो बॅट्स आर्म नावाच्या गावात, समुद्रालगतच्या खडकावर खांबांवर उभं. २०१३ साली सुरू झालं. खोल्या फक्त २९, आणि प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो. तिथे राहणं मला परवडणारं नव्हतं, पण जागा शिल्लक असेल तर बाहेरच्या माणसांनाही रात्रीच्या जेवणाला घेतात. मी गावातल्याच एका साध्या घरगुती निवासात खोली घेतली आणि हॉटेलला ईमेल टाकला.

उत्तर आलं ते प्रश्न घेऊनच: काय चालत नाही? मी लिहिलं, आई गाय आणि डुक्कर खात नाही, मासे सगळे खाते. दोन दिवसांनी परत विचारणा आली. खारवलेल्या कॉडचा एक पदार्थ त्या आठवड्यात आहे, त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, त्याऐवजी लोण्यात परतलेला कांदा चालेल का? खारवलेला मासा हे शब्द वाचून मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. एवढ्या महागड्या टेबलावर सुकं! आईला मात्र काही सांगितलं नाही.

पोचणं सोपं नव्हतं. मी राहतो त्या सेंट जॉन्सहून गँडरपर्यंत सुमारे ३३० किलोमीटर, रस्त्यात मूस नावाची भलीमोठी हरणं आडवी येतात म्हणून जपून. तिथून आणखी तासाभराने फेअरवेलचा धक्का. फेरीबोटीला आगाऊ आरक्षण नाही, गाडी रांगेत लावायची आणि थांबायचं. त्या दिवशी वारा सुटला आणि दुपारची फेरी रद्द झाली. मी घड्याळ बघत बसलो. आई मात्र काचेतून पाण्याकडे बघत शांत होती. बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीला, जायचे तेव्हा किनाऱ्यावर अशी वाट बघण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. जेवण दुसऱ्या दिवशीचं होतं म्हणून निभावलं. फोगोला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: जेवणाच्या आदल्या दिवशीच बेटावर असा.

शुक्रवारी संध्याकाळी आईने ठेवणीतली पैठणी नेसली, वरून माझं जाड जॅकेट. जेवणघराच्या काचा जमिनीपासून छतापर्यंत आणि पलीकडे नुसता उत्तर अटलांटिक. नऊ वाजायला आले तरी उजेड होता. उन्हाळ्यात न्यूफाउंडलंड आणि भारत यांच्यात बरोबर आठ तासांचा फरक असतो. मालवणात तेव्हा पहाट होत होती, आणि मासेमारीबंदीमुळे होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या.

पहिले दोन पदार्थ छान होते, पण ते आता नीटसे आठवत नाहीत. मग ती बशी आली. भिजवून मऊ केलेला कडक पाव, त्यावर खारवलेल्या कॉडचे पांढरे पापुद्रे आणि लालसर कांदा. आईने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"झिला, ह्यां तर आपलांच सुकां म्हावरां!"

वाढायला आलेली मुलगी बेटावरचीच होती. आई काय म्हणाली ते तिने विचारलं, मी सांगितलं. ती हसली आणि तिथेच थांबली. तिची आजी कॉड वाळवायची, त्यासाठी लाकडाचे उंच मांडव असायचे. आई मला म्हणाली, "तिका इचार, मिठात किती दिवस ठेवीत?" मग ते सुरूच झालं. मासा उभा चिरून थरावर थर मिठात ठेवायचा, मग धुवायचा, मग उन्हात घालायचा. पाऊस आला की बायकापोरं धावत जाऊन मासा उलटा करायची. पावसाचं ऐकल्यावर आईने कपाळाला हात लावला. वाळूत पसरलेले बांगडे गोळा करायला आम्हीही असेच धावायचो. एकदा भिजलं की गेलं. बंदीच्या दिवसांत घरात तेवढंच असायचं, पेजेबरोबर भाजलेलं सुकं. मुंबईला शिकताना तो वास कपड्यांना येतो म्हणून मी लाजायचो. ती लाज त्या टेबलावर मला आठवली आणि घास घशाखाली उतरेना.

न्यूफाउंडलंडमध्ये नुसतं 'फिश' म्हटलं की कॉडच, बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं. एवढा हा मासा तिथे मुरलेला. तरी मोठमोठ्या ट्रॉलरनी तो इतका उपसला की जुलै १९९२ मध्ये सरकारला कॉडची व्यापारी मासेमारीच बंद करावी लागली. प्रांतात सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. फोगोवरच्या कोळ्याच्या घरात जन्मलेल्या, आठव्या पिढीच्या झिटा कॉब यांनी हे हॉटेल उभारलं ते बेट ओस पडू नये म्हणून. नफा त्यांच्या शोरफास्ट या संस्थेमार्फत बेटाच्याच कामाला लागतो. पाकिटावर पोषणाचा तक्ता असतो तसा तक्ता ते आपल्या दरांसाठीही छापतात, तुमचे पैसे कुठे कुठे गेले हे सांगणारा. मी तो आईला वाचून दाखवला. असं आपल्या सोसायटीत का नाही लावत, हा तिचा पहिला प्रश्न.

आम्ही जेवलो त्याच आठवड्यात, २६ जूनला, ती बंदी ३२ वर्षांनी उठल्याची घोषणा झाली होती. १८ हजार टन मासा धरायची परवानगी. मला वाटलं, बेटावर आनंद असेल. मुलीचा चेहरा मात्र पडला. मोठ्या ट्रॉलरनाही त्यात वाटा दिला होता, आणि लहान बोटवाल्यांना नेमकी तीच भीती होती. आईला पर्ससीनची, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी वेगळी समजवावी लागत नाहीत. रापणीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला, आणि एक पर्ससीनवाला येऊन गेला की वाटायला काही उरत नाही, हे तिने डोळ्यांनी बघितलंय.

"तेंका सांग, मोठ्या जाळ्यांका आत येवक देव नकात."

मी इंग्रजीत सांगितलं. मुलीने आईचा हात हातात घेतला. बराच वेळ दोघी तशाच होत्या.

निघताना आई मला म्हणाली, त्यांच्याकडनं थोडं विकत मिळेल का बघ. हॉटेलात विकत नव्हते, पण सकाळी गावातल्या दुकानात खारवलेल्या कॉडचं पाकीट मिळालं. सेंट जॉन्सला पोचल्या पोचल्या आईने ते मोठ्या पातेल्यात भिजत घातलं. रात्री दोनदा मला स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला. पहाटे उठून गेलो तर ती दिवा लावून पातेल्याशी उभी होती, बोट बुडवून चव बघत.

"पाणी दोनदा बदललंय," ती म्हणाली. "खोबरां वाट आता."