बिनतारांची गिटार आणि दोन पिनांचा चार्जर

तारांच्या जागी स्पर्श ओळखणारे तांब्याचे तुकडे लावायचे, एवढाच बेत होता. स्पर्श ओळखणाऱ्या एका एमपीआर१२१ चिपला १२ स्पर्शबिंदू, बोर्डाशी बोलणाऱ्या एका सामायिक तारजोडीवर (बसवर) अशा चिपना चारच पत्ते, म्हणजे चार चिप, ४८ बिंदू. सहा तारा, आठ फ्रेट (नेकवरचे, म्हणजे गिटारच्या दांड्यावरचे, कप्पे), हिशेब चोख. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलेली ५ मिमीची कॉपर टेप २ मिमी फट ठेवून चिकटवली. चिपवर लक्ष ठेवणारा छोटा बोर्ड ३२यू४वाला प्रो मायक्रो, कारण तो यूएसबीवरून लॅपटॉपला थेट मिडी, म्हणजे कुठला सूर वाजवायचा याचे आकडे, पाठवतो. मोकळ्या तारांचे मिडी क्रमांक ४०, ४५, ५०, ५५, ५९, ६४. त्यात फ्रेटचा आकडा मिळवला की झालं.

मग भुतं नाचायला लागली. तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की चौथाही वाजायचा, आणि धरलेला सूर थरथरत तुटायचा. चिपच्या तयार कोडमधला (लायब्ररीतला) स्पर्श मानण्याचा उंबरठा, स्पर्शाला १२ आणि सुटण्याला ६, वाढवून पाहिला. हलकं बोटही कळेनासं झालं. अर्धा मीटर रिबन केबल काढून मोड्यूल (चिप बसवलेल्या छोट्या पाट्या) नेकच्या मागेच बसवली, वायरी १० सेंमीच्या आत आणल्या. शेजारचा फ्रेट गप्प झाला. थरथर तशीच! पंधरा दिवस धडधाकट सोल्डर उकलत बसलो.

एका गुरुवारी नेहमीप्रमाणे लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि गिटार शहाण्यासारखी वाजली. चोर चार्जर होता. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळे सर्किटचं ग्राउंड (त्याची शून्य व्होल्टची तार) जमिनीच्या तुलनेत ५० हर्ट्झने हेलकावतं आणि बोट टेकलं की तीच खळबळ चिपला दिसते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असतात, वादक आपोआप ग्राउंडशी जोडला जातो. आपण तारांबरोबर तेही काढून टाकतो. म्हणून नेकच्या मागे, अंगठा टेकतो तिथे, टेपची लांब पट्टी लावून ती ग्राउंडला जोडली. थरथर गेली. सोल्डरला हात लावण्याआधी चार्जर काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हो, पत्त्यांचं राहिलंच: चिपचा पत्ता ठरवणारी एडीडीआर पिन चार मोड्यूलवर ग्राउंड, व्हीसीसी (वीजपुरवठा) आणि बसच्या दोन तारा, एसडीए, एससीएल, यांपैकी एकेकाला जोडायची. काही मोड्यूलवर ती आधीच ग्राउंडला जोडलेली असते. तो जोड आधी ब्लेडने कापा. यूएसबी लावताना नेकवर हात नको, नाहीतर चिप हातासकटच शून्य धरते. झंकारासाठीच्या, म्हणजे बोटाचा ठोका ओळखणाऱ्या, पिएझो चकतीला समांतर १ मेगाओमचा रेझिस्टर लावा, आणि एक ठोका मोजल्यावर ३० मिलिसेकंद कान बंद ठेवा, नाहीतर एकच सूर दोनदा वाजतो.