तुम्ही विचारलंत म्हणून: बुकिंगच्या आधी कालनिर्णय

ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात, परवा तर एका मुंजीच्या पंगतीतही मला हाच प्रश्न आला. “आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. एखाद्या नावाजलेल्या रेस्टॉरंटात नेऊ म्हणतोय, ते एकामागून एक दहा-दहा कोर्स वाढणारं. तू नेलं होतंस ना? कसं ठरवलंस?” आणि मग आवाज खाली आणून, “त्यांना आवडतं का गं तसलं?”

आवडतं, न्या. पण बुकिंग सगळ्यात शेवटी करा. त्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा.

हे शहाणपण मला आपोआप आलेलं नाही. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला मी सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. एक झकपक जागा हेरली (नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हती), शनिवार रात्री आठचं टेबल मिळवलं आणि घरी येऊन एकदम जाहीर केलं. आई म्हणाली, “बरं.” आईचं ‘बरं’ किती प्रकारचं असतं हे चाळिशी उलटली तरी मला कळलेलं नव्हतं. रेस्टॉरंटात पहिली बशी आली, आईने पाण्याचा घोट घेतला. दुसरी आली, पुन्हा पाणी. तिसऱ्या बशीला बाबांनी खुलासा केला. “अगं, संकष्टी आहे तिची. चंद्रोदय नऊ एकोणीसला.”

सव्वानऊला दोघं उठून बाहेर गेटपाशी गेली. समोर सोळा मजली इमारत, चंद्र तिच्या मागे. वॉचमनने खुर्ची दिली. आत आमच्या टेबलाचं सगळं थांबलेलं, कारण अशा जेवणात बशी टेबलावरच्या प्रत्येकापुढे एकाच वेळी ठेवतात. एक जण उठला की आत वाढायला घेतलेलं सगळंच अडतं. वेटर मुलगा दोनदा येऊन नॅपकिनची घडी घालून गेला. चंद्र शेवटी दिसला, पण देवाला नैवेद्य दाखवायचा राहिलाच होता आणि देव डोंबिवलीला. आईने परत येऊन दोन घास खाल्ले ते आमचं मन राखायला. त्यातल्या एकात चिकन होतं, ते तिने रुमालात काढलं. आई मासे खाते, चिकन-मटण नाही, आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून कालनिर्णय. तिथी बघा, संकष्टी-एकादशी बघा, श्रावण लागतोय का बघा. मग वार बघा. आपल्याकडे सामिषाला बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी चालत नाही, काही घरांत मंगळवारीही नाही. शुक्रवार-रविवारी सगळी मुंबईच बाहेर जेवत असते, त्यामुळे बुधवार सगळ्यात सोयीचा. घरात कुणी एखादा ग्लास घेणारं असेल तर ड्राय डेही त्याच पानावर हेरून ठेवा: आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, गांधी जयंती. शिवाय निवडणुका. वाढदिवस त्याच तारखेला साजरा करायचा हट्ट सोडा. पन्नासावा आमच्याकडे मंगळवारी आला होता, आम्ही शुक्रवारी गेलो. त्या तीन दिवसांत आईने चार बायकांना सांगितलं की “शुक्रवारी जायचंय.” तिला तो वेगळा आनंद मिळाला.

जागा निवडताना लोक विचारतात, “मिशेलिन स्टार किती?” भारतात शून्य. मिशेलिन हे रेस्टॉरंटांना एक ते तीन स्टार देणारं फ्रेंच गाइड. ते अजून भारतातल्या रेस्टॉरंटांना स्टार देत नाही, त्यामुळे इथे कुणाकडेच ते नाहीत. भारतीय जेवणाला पहिल्यांदा तीन स्टार मिळाले ते 2025 मध्ये, दुबईतल्या ट्रेसिंड स्टुडिओला. दुबईचा भाचा फोनवर हे ऐकवतोच. आपल्याकडे सगळे मोजतात ती ‘आशियातली 50 सर्वोत्तम’ ही रेस्टॉरंटांची यादी. आम्ही गेलो ते ‘मास्क’ त्या यादीत 2023 मध्ये सोळावं होतं, 2025 मध्ये एकोणिसावं. नाव ऐकून आई म्हणाली, “करोना गेला ना आता?”

महालक्ष्मीला शक्ती मिल्सच्या गल्लीत, लक्ष्मी वुलन मिल्सच्या आवारात आहे ते. 2016 मध्ये अदिती दुगड आणि शेफ प्रतीक साधू यांनी सुरू केलं. साधू 2022 मध्ये बाहेर पडले, आता किचन वरुण तोतलानी सांभाळतात. कुठल्या हॉटेल कंपनीचं नाही, स्वतंत्र आहे. याचा एक बारका फायदा बिलात दिसतो. असं सुटं रेस्टॉरंट जेवणावर पाच टक्के जीएसटी लावतं, पंचतारांकित हॉटेलातलं अठरा. पण माझ्या लेखी खरा फायदा वेगळा आहे: फोन केला की बोलणं किचनपर्यंत पोहोचतं.

आणि या सगळ्या खटाटोपात फोन हीच मुख्य गोष्ट आहे. ऑनलाइन फॉर्मवर ‘अ‍ॅलर्जी’ असा एक चौकोन असतो. आपल्या आईवडिलांची कुठली गोष्ट त्या चौकोनात बसते? आईला मशरूमची अ‍ॅलर्जी नाही. तिला ते ‘उकिरड्यावर उगवतं’ म्हणून नको. मी कागदावर लिहून घेतलं आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. आई: मासे चालतील, चिकन-मटण नाही, अंडं केकमध्ये चालेल पण दिसायला नको. बाबा: सगळं चालेल, मधुमेह आहे, गोळी जेवणाआधी. एवढं सांगून थांबले. मग उगाच ओशाळून म्हटलं, “आणि... वडिलांना कवळी आहे.” पलीकडची मुलगी अजिबात थांबली नाही. “म्हणजे कुरकुरीत चालेल, कडक नको. असंच ना?” मी गॅलरीतून आत आले ती निम्मी निर्धास्त होऊन.

आधी का सांगायचं, तर तिथे ऐन वेळी फार थोडं शिजतं. सार, रस, आंबवण, जेली, सगळं एकदोन दिवस आधी सुरू झालेलं असतं. तुमचं नुसतं ‘व्हेज’ म्हणणंही पुरत नाही. जिलेटिन प्राण्यांपासून होतं आणि ते गोडाच्या बशीत असू शकतं, खरं पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचक रसाने, बनवतात. घरात कडक शाकाहारी कुणी असेल तर हे दोन शब्द उच्चारून विचारा. जैन जेवण मुंबईत नवीन नाही, पण तेही ताटावर बसल्यावर सांगायची गोष्ट नव्हे.

मधुमेहाचं मात्र आपलं आपण बघायचं. दहा कोर्सला तीन तास लागतात आणि पहिले घास अक्षरशः चमचाभर असतात. काही गोळ्या घेतल्या की थोड्या वेळात पोटात नीट अन्न जावंच लागतं. बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. गोळी निघताना न घेता तिथे नेमकी कधी घ्यायची ते त्यांनी सांगितलं, आणि घरून निघताना अर्धी भाकरी खायला लावली. “एवढे पैसे भरून भाकरी खाऊन जायचं?” बाबा. खाल्ली.

वेळ नेहमी पहिली घ्या. बाबा साडेसातला जेवतात, साडेनवाला त्यांचं तोंडसुद्धा उघडत नाही. आणि लोकलचा विचार केलात तर संध्याकाळी सीएसएमटीकडे जाणारी गाडी रिकामी मिळते. आम्ही डोंबिवलीहून बसून आलो, दादरला उतरलो, टॅक्सी केली. आई नारायणपेठ नेसली होती. अशा जागी एसी गार असतो हे मागच्या वेळेवरून ठाऊक होतं, म्हणून पर्समध्ये शाल. आणि टेबल कुठलं ते विचारून घेतलं होतं, उंच स्टूल नकोत म्हणून. ही फॅशन गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला विचारून काढलेली नाही. वांद्र्याच्या ‘पापाज’मध्ये तर जेमतेम बारा जागा आणि त्याही काउंटरभोवती. तिथे तुम्ही आपापले जा, मजा करा.

पैशांचं म्हणाल तर बिल टेबलावर येऊच देऊ नका. मी पोहोचल्या पोहोचल्या ‘हात धुऊन येते’ म्हणून कार्ड देऊन आले. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो, दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये तसं स्पष्ट केलंय. पण मुलांनी प्रेमाने वाढलं असेल तर हात आखडू नका. बाबांनी मेन्यू कार्ड उलटसुलट करून पाहिलं, किमती कुठेच नाहीत. “म्हणजे बरंच असणार,” ते आईला म्हणाले. “आपल्या वेळी एवढ्यात अख्ख्या चाळीचं केळवण झालं असतं.” बाबांचं बरोबरच होतं, म्हणून मी आकडा आजवर सांगितलेला नाही.

काय खाल्लं याचं वर्णन करत बसत नाही. तिथला मेन्यू मोसमाप्रमाणे बदलतो, तुम्ही जाल तेव्हा ते नसेलच. सुरुवातीच्या काळात लडाखच्या सीबकथॉर्नसारखी आंबटजहाल फळं वापरल्याने त्यांचं नाव झालं, यावरून अंदाज येईल. आईने आयुष्यभर कोकम आणि चिंच वापरली. तिला ‘आंबट’ या शब्दाने घाबरवता येत नाही. एका बशीनंतर ती डोळे मिटून बसली. मला वाटलं बिघडलं काहीतरी. तर म्हणाली, “थांब, लागतंय अजून.”

जेवणाच्या मध्येच पाहुण्यांना किचनमध्ये बोलावून एक घास तिथेच उभ्याने देतात. आई इतक्या जेवणात पहिल्यांदा सावरून बसली, पदर खोचला आणि निघाली. आत ओट्यावर एक मुलगा चिमट्याने एकेक पान उचलून बशीत ठेवत होता. आई त्याच्या अगदी हाताशी जाऊन उभी. तीन बशा होईपर्यंत काही बोलली नाही. मग त्याला म्हणाली, “हाताने ठेव रे, लवकर होईल.” तो हसला. “हाताने ठेवलं की चुरगळतं, काकू.” मराठीत. आई पुढचं पान बघत राहिली आणि म्हणाली, “हो. अळूचंही तसंच होतं.” पुढे पाच मिनिटं ते दोघं अळूच्या शिरा कशा काढायच्या यावर बोलत होते. बाबा शाल हातात धरून उभे.

बाहेर आवारात टॅक्सीची वाट बघताना आईला एकदम प्रश्न पडला. “लोकरीची गिरणी? मुंबईत? इथे स्वेटर घालतं कोण?” बाबांनी तिला गिरण्यांचा इतिहास दादरपर्यंत पुरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब बघायला कालनिर्णय हातात घेतलं. आईच्या चौकोनांत सिलेंडर कधी लागला, पेपर कुठल्या दिवशी आला नाही, सगळं असतं. त्या शुक्रवारच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘दूध 1. रात्री स्वयंपाक नाही.’ आणि खाली, वेगळ्या निळ्या पेनाने, बाबांचं अक्षर: ‘10 कोर्स.’