तुम्ही विचारलेत म्हणून: नव्या इमारतीत काय मागावे?

"आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. घर जरा पर्यावरणाला धरून हवं असेल, तर बिल्डरकडे काय मागायचं?" मी आर्किटेक्ट आहे हे कळले की हा प्रश्न येतोच. नेरूळच्या भाजी मार्केटात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या दवाखान्यात, माझे तोंड उघडे असताना, तो मला विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक यादी तयार असते: गच्चीवर सोलर, गाडीसाठी चार्जिंग, भिंतीवर चढवलेली झाडे आणि दर्शनी भागात लावता येईल असे एखादे हिरवे प्रमाणपत्र. मी घाईत "सोलर काय, नंतरही बसवता येतं" असे म्हणते आणि समोरच्याला ते टाळल्यासारखे वाटते. म्हणून तेच उत्तर आज सविस्तर देते.

सोलर मी खरोखरच यादीत खाली ठेवते. जी वस्तू नंतर बसवता येते तिच्यासाठी आज वाटाघाटीतली ताकद खर्च करू नये. पॅनेल पाच वर्षांनी लावता येतील, नळाच्या तोट्या बदलता येतील, दिवे तर केव्हाही. मात्र इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, घराला समोरासमोर खिडक्या आहेत की नाहीत, जिन्यात उजेड येतो का, तळाशी खरी जमीन किती उरली आहे, या गोष्टी नकाशा मंजूर होताना एकदा ठरतात आणि पुढची पन्नास वर्षे कोणालाही बदलता येत नाहीत. माझे सगळे मागणे या दुसऱ्या प्रकारातले आहे.

पहिले मागणे वाऱ्याचे. काही महिन्यांपूर्वी वाशीतल्या एका सोसायटीची मंडळी मला त्यांच्या होऊ घातलेल्या टॉवरचा नमुना फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. फ्लॅट देखणा होता, छतात लपवलेले दिवे होते, ओट्यावर खोटी फळे ठेवली होती. मी विक्रीकक्षातल्या मुलीकडे उदबत्ती मागितली. तिला वाटले मला पूजा करायची आहे. एसी बंद करायला लावून, खिडक्या उघडून, मी ती उदबत्ती बेडरूमच्या मध्यभागी धरली आणि दार लावून घेतले. धूर दोरा ताणल्यासारखा सरळ वर गेला आणि छतापाशी गोळा झाला. मग दार उघडले. धूर जरासा डुलला, पण पुढे जायला त्याला वाट नव्हती, कारण त्या घराच्या सगळ्या खिडक्या एकाच बाजूला होत्या आणि दुसऱ्या बाजूला बंदिस्त लॉबीभोवती मांडलेली आणखी सात घरे. वारा आत यायला जितकी जागा लागते, तितकीच बाहेर पडायलाही लागते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. मागचे दार ठेवत त्या काही फक्त मोलकरणीसाठी नव्हे.

खिडकीचे मापही नीट समजून घ्यावे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात आपल्यासारख्या उष्ण आणि दमट हवामानासाठी, खिडक्यादारांचा उघडू शकणारा भाग चटईक्षेत्राच्या, म्हणजे कार्पेट एरियाच्या, १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावा, असे सांगितले आहे. हे प्रमाण खरे तर सगळ्या घराचे मिळून धरायचे असते, पण एका खोलीवर करून पाहिले की मुद्दा लगेच कळतो. १२० चौरस फुटांच्या बेडरूमला २० चौरस फूट लागतात. पाच फूट बाय चार फुटांची खिडकी कागदावर नेमकी २० भरते. परंतु ती सरकती असेल, आणि आजकाल ती सरकतीच असते, तर एक काच दुसरीमागे जाते आणि वाऱ्याला मिळतात दहा. बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. कारागीर कुरकुर करतात, पडदेवाले कुरकुर करतात, पण मागण्याची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी झडपा मागेन.

आता यातली खरी अडचण. नवी मुंबईत दुपारनंतरचा वारा पश्चिमेकडून, खाडीवरून येतो. दुपारचे कडक ऊनही पश्चिमेकडूनच येते, आणि जून लागला की झोडपणारा पाऊसही साधारण त्याच बाजूने. म्हणजे जी भिंत उघडी हवी, तीच झाकलेलीही हवी. दक्षिणेचे ऊन आवरायला सोपे आहे. आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंश उत्तरेला, मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी उन्हाळ्यात तिथे सावली पुरते. पश्चिमेला हा हिशेब कोलमडतो. संध्याकाळकडे सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर उतरला की तोच दोन फुटांचा छज्जा जेमतेम सव्वा फूट सावली टाकतो आणि चार फुटांच्या खिडकीतून बाकीचे ऊन थेट पलंगावर येते. पडदा लावून उपयोग नाही, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडद्यापाशी अडली तरी ती घरातच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवावे लागते. त्यासाठी खोल बाल्कनी, उभ्या पट्ट्या, जाळी, अगदी वाळ्याचा पडदासुद्धा चालतो. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कपाटे टाकून राहत्या खोल्यांना आड देता येते. म्हणूनच मी बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवण्याच्या विरोधात आहे आणि त्यावरून माझे सख्ख्या भावाशी बिनसले आहे. त्याने ४० चौरस फूट मिळवले आणि मागोमाग दुसरा एसी घेतला.

वीज गेली की घर कसे वागते, ही माझ्या मते घराची खरी परीक्षा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बसले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. टाळेबंदीचे दिवस, मुलांच्या शाळा मोबाईलवर, माणसे घरात आणि बाहेर ऑक्टोबरचा उकाडा. माझी मावशी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तिच्या हॉलमधून येऊरचे डोंगर चित्रासारखे दिसतात, पण ती भिंत सगळी काचेची आहे आणि तिच्यात उघडणारी झडप एकच, टीपॉयच्या आकाराची. जनरेटरवर एक लिफ्ट थोडा वेळ चालली आणि डिझेल संपल्यावर तीही थांबली. पंप बंद, म्हणून बादलीभर पाणी जपून. दुपारी मावशीने फोनवर सांगितले, "अगं, मी दार उघडून लॉबीत खुर्ची टाकून बसलेय, पण तिथेही अंधार आणि कोंदट." तिच्या शेजारी कोण राहते हे तिला त्या दिवशी, आठ वर्षांनी, पहिल्यांदा नीट कळले.

त्याच वेळी आमच्या नेरूळच्या तळ अधिक चार मजल्यांच्या, रंग उडालेल्या इमारतीत आम्ही जिन्यात बसलो होतो. आमच्या जिन्याला एका बाजूने सिमेंटची जाळी आहे. ती कोणी वास्तुशास्त्राचा आदर्श म्हणून ठेवलेली नाही, स्वस्त पडली म्हणून ठेवली. पण तिच्यातून वारा येतो, दिवसा दिवा लागत नाही आणि पायरीवर बसून वाटाणे सोलता येतात. आमच्याकडे गळती आहे, प्लास्टर सुटते आहे, वरच्या मजल्यावरच्या काकांना चढउतार जमत नाही आणि लिफ्ट नाही. जुने ते सोने असे मी अजिबात म्हणत नाही. इमारत पाडायला माझीही सही आहे. तो जिना मात्र नव्या नकाशात यावा, यासाठी मी भांडते आहे.

पाऊस आणि ऊन यांच्याबद्दल लोक हमखास विचारतात, तर त्याचा हिशेब करून दाखवते. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून ४०० चौरस मीटर गच्चीवर दहा लाख लिटर पडते आणि वाया जाणारे सोडून आठेक लाख हाती लागू शकते. दिवसाला माणशी १३५ लिटर पाणी धरण्याची रीत आहे, त्यातले ४५ फ्लशला जाते. २८ घरांच्या जुन्या इमारतीत चौघांच्या हिशेबाने ११२ माणसे, म्हणजे फ्लशसाठी रोज पाच हजार लिटर, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सहा लाख. टाकी बऱ्यापैकी मोठी असेल तर पावसाळाभर फ्लशला पिण्याचे पाणी जवळजवळ लागणार नाही. आता त्याच गच्चीखाली वीस मजले आणि १४० घरे आणा. गरज तीस लाखांवर जाते, पाऊस तेवढाच राहतो. पॅनेलचेही तसेच आहे. निम्मी गच्ची पॅनेलला मिळाली तर साधारण २० किलोवॅट बसतात आणि दिवसाला ऐंशीएक युनिट मिळतात. २८ घरांत प्रत्येकी जवळपास तीन युनिट येतात, १४० घरांत जेमतेम अर्धे. इमारत जितकी उंच, तितका घराच्या वाट्याचा पाऊस आणि ऊन कमी. उंच इमारत बांधू नका असे सांगण्याची सोय या शहरात उरलेली नाही. पण माहितीपत्रकावर पानाचे चित्र असले म्हणून हा भागाकार बदलत नाही.

जमिनीविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण आपण ज्या जमिनीवर राहतो तिचा विसर आपल्याला फार लवकर पडला. नवी मुंबईचा खाडीकडचा बराचसा भाग म्हणजे भराव घातलेली खाजणे, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदली, आणि मिठागरे. इथले आगरी शेतकरी खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालत आणि बांधात उघाडी ठेवत. भरतीचे पाणी रेटले की उघाडीचे दार आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले गोडे पाणी ते ढकलून बाहेर पडते. सिडकोने शहर आखताना धारण तलाव ठेवले, त्यांचे तत्त्व तेच. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले तर नाल्यांचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत जाते. तलाव गाळाने भरले तर पाणी थांबणार कुठे, तर तुमच्या पार्किंगमध्ये. तेव्हा बिल्डरला मीटर रूम आणि पंपाचे पॅनेल कोणत्या उंचीवर आहे ते विचारा. इटालियन मार्बलविषयी विचारण्याआधी विचारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरही तळघरात मीटर ठेवणारा नकाशा कोणी मांडत असेल, तर त्याच्याशी बाकीचे बोलणे व्यर्थ आहे.

आणि खरी माती मागा. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, दोन फूट मातीत हिरवळ होते, शोभेचे ताड होतात, पण जांभूळ किंवा करंज तिथे मोठा होत नाही. प्लॉटच्या एका कडेला तरी खाली काहीही न बांधलेली, पेव्हर ब्लॉकने न झाकलेली पट्टी राहिली, तर आजचे मोठे वृक्ष वाचतात आणि पाणी जमिनीत मुरते.

माणसांचे काय, असे कोणी विचारत नाही, तरी सांगते. बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात 'आर्टिस्ट्स व्हिलेज' रचले. त्यात सात घरे एका आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती आहेत, आणि अशी तीन टोळकी मिळून बारा मीटरच्या मोठ्या अंगणावर उघडतात. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे कुटुंब वाढले की शेजाऱ्याला न विचारता खोली चढवता येते. लोकांनी ती इतकी चढवली की मूळची कौलारू घरे आता शोधावी लागतात, पण अंगणे बहुतेक ठिकाणी टिकली. मी विद्यार्थ्यांना तिथे नेते तेव्हा त्यांना घरांचे फोटो काढायचे असतात आणि मी त्यांना अंगणाच्या कडेला ठेवलेल्या खुर्च्या मोजायला सांगते. सात घरांचे अंगण टॉवरमध्ये येणार नाही, हे उघड आहे. पण दर तीन-चार मजल्यांना वाऱ्याकडे उघडी एक सामाईक गच्ची, लिफ्टसमोर नैसर्गिक उजेड आणि बसायला एक कठडा, एवढे येऊ शकते. याला फार पैसा लागत नाही. विकता येणारे थोडे क्षेत्र जाते, म्हणून ते मिळत नाही.

ते मागण्याची वेळ म्हणजे नकाशा मंजुरीला जाण्याआधीची. त्यानंतर तुमच्या हातात टाइल्सचा रंग उरतो. आमच्या सोसायटीत मी हे सगळे सभेत मांडले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "मॅडम, यात कार्पेट किती वाढतं?" मतदान झाले, झडपांच्या खिडक्या हरल्या, बाल्कन्या निम्म्या वाचल्या. पश्चिमेच्या भिंतीला उभ्या पट्ट्या मिळाल्या, त्याही दर्शनी भाग 'प्रीमियम' दिसतो म्हणून.

सभा उठताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बिल्डरच्या आर्किटेक्टला, माझ्या निम्म्या वयाच्या मुलाला, थांबवले आणि विचारले, "बाळा, जिन्याला खिडकी आहे का रे?" त्याने लॅपटॉप उघडून नकाशा फिरवून पाहिला. खिडकी नव्हती. त्याने तिथे पिवळी खूण केली. नकाशा अजून सुधारून आलेला नाही, आणि आजी मला जिन्यात भेटल्या की रोज विचारतात.