पाट

"खोक्यात चपला येतात, सर. देव येतो काय?"

हमरापूरच्या त्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात आजींनी हे विचारलं तेव्हा आमचा खोका जमिनीवर मधोमध ठेवलेला होता. सहा बाजूंचा, डिंकाचा एक थेंबही न लावता नुसत्या घड्यांवर उभा राहणारा, वर धरायला मूठ, बाजूला एकाच रंगातली सोंडेची रेघ. कॉलेजच्या गच्चीवर तीन फुटांवरून आम्ही तो पाच वेळा आपटला होता आणि आतल्या मूर्तीचं बोटही दुखावलं नव्हतं. टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यात जोरात माझ्या.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना डिझाइन थिंकिंग आणि उद्योजकता शिकवतो. वर्गात अॅनिमेशनची मुलं असतात, टेक्स्टाइलची, दागिने घडवणारी, जाहिरातीकडे निघालेली. हात चांगले, नजर चांगली आणि पैशाचं नाव काढलं की माना खाली. त्याआधी अकरा वर्षं मी एका एजन्सीत पॅकेजिंग केलं. म्हणजे खोकेच. ही माहिती आत्ताच देऊन ठेवतो.

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही पहिल्यांदा पेणकडे गेलो. चौदा मुलं, एक मिनीबस, खोपोलीवरून. पेण तालुक्यात मूर्ती घडवणाऱ्या घरगुती शेडलाही कारखानाच म्हणतात, हे मुलांना तिथे गेल्यावर कळलं. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत दारादारांत गणपती असतात, काही पांढरे, काही मातकट, डोळे अजून न आलेले. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याकडे निम्मं काम शाडूचं, निम्मं प्लास्टरचं. शाडू येतो गुजरातेतून, भावनगरकडून. साच्यात दाबून भरायचा, मूर्ती आतून पोकळ ठेवायची, सावलीत दिवसचे दिवस वाळवायची. उन्हात घाई केली की तडा. प्लास्टर अर्ध्या तासात धरतं आणि हलकंही राहतं. पेणला प्लास्टर का शिरलं याचं उत्तर त्या अर्ध्या तासात आहे, हे कारखान्याच्या दादांनी साचा उघडता उघडता सांगितलं.

त्या वर्षी हवा वेगळीच होती. प्लास्टरवर बंदी आणणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सूचना काटेकोर पाळा, असं मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारीला बजावलं होतं. माळ्यावर प्लास्टरच्या शेकडो कच्च्या मूर्ती, आणि त्या रंगवायच्या की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. व्यापारी फोन उचलत होते, पण उचल देत नव्हते.

मुलांनी प्रश्न विचारले, चिकटचिठ्ठ्या लिहिल्या, परतताना बसच्या काचांवर चिकटवल्या. (मधे पेणच्या बाजारात पोह्याच्या पापडांसाठी अर्धा तास गेला. तो अभ्यासदौऱ्याच्या अहवालात नाही.) डिझाइन थिंकिंगच्या पाच पायऱ्या मी आधीच फळ्यावर लिहून दिल्या होत्या, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलमुळे जगभर पाठ झालेल्या: आधी समोरच्याच्या जागी जाऊन बघा, मग अडचण नेमकी मांडा, मग कल्पना, नमुना, चाचणी. अडचण कोणती मांडायची यावर बसमध्ये वाद झाला. तुटफूट, असं बहुतेकांचं मत. वाहतुकीत शाडूच्या मूर्तीची बोटं जातात, सोंडेचं टोक जातं, उंदराचा कान तर जातोच. टेक्स्टाइलच्या एका मुलीची चिठ्ठी मात्र वेगळी होती: "काकू वही लिहीत होत्या तेव्हा कुणाशी बोलत नव्हत्या."

मी ती चिठ्ठी काढून बाजूला लावली. म्हटलं, ही नोंद छान आहे, पण हा फायनान्सचा विषय झाला. उद्योजकतेच्या तासाचा मास्तर हे बोलत होता.

मग तुटफूट. मग खोका. मला खोकेच दिसणार होते.

मार्चअखेर आम्ही नमुना घेऊन परत गेलो, तो हा दिवस. दादांनी खोका हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. कारागीर माणूस, घडी कुठे बसते ते त्यांना लगेच कळलं. "काम सफाईचं आहे," म्हणाले. मुलं खूश. मग वहिनी, म्हणजे मुलांच्या काकू, बाहेर आल्या, हातात तीच वही.

"केवढ्याला पडतो?"

"पाचशे केले तर एकशे पासष्ट रुपये," आमच्या गटप्रमुखाने सांगितलं.

वहिनींनी काही न बोलता अंगणातल्या छोटा हत्तीकडे बोट केलं. शेजाऱ्यांचा टेम्पो, रिकामा उभा. एका मुलाने हौद्यात खडूने मापं टाकली. फूटभर उंचीच्या मूर्ती पेंढा घालून खेटून ठेवल्या तर एका थरात ६३, मधे फळ्या टाकून वर दुसरा थर, म्हणजे १२६. आमचे खोके एका थरात बसले २४. एकावर एक तीन थर रचले तरी ७२.

"म्हणजे दोन फेऱ्या," वहिनी म्हणाल्या. "डिझेल कोण घालणार?"

हे इथेच संपलं असतं तर मी वर्गात जाऊन सांगितलं असतं की चाचणीत नमुना पडला, छान झालं, पुढची आवृत्ती करू. आकार कमी करता आला असता. पण गटप्रमुखाने खिंड लढवायची ठरवली. तो म्हणाला, "काकू, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बघा ना. दुकानातून मूर्ती घेतली की हातात मूठ धरून सरळ घरी. स्कूटरवरसुद्धा नेता येईल."

तेव्हा आजी बोलल्या. दारातल्या लाकडी स्टुलावर बसून त्या घासकाम करत होत्या, पॉलिश पेपरने मूर्तीच्या कानामागची शिवण काढत. खोक्यात चपला येतात, म्हणाल्या. मग उठल्या. आतून एक पाट आणला, त्यावर हातातली कच्ची मूर्ती ठेवली, खांद्यावरचा पंचा तिच्या तोंडावरून टाकला आणि दोन्ही हातांनी पाट छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत चालत गेल्या. उंबऱ्यापाशी थांबल्या.

"इथे पायावर दूध-पाणी घालतात. तुकडा ओवाळून टाकतात. मग आत." त्यांनी वळून मुलाकडे पाहिलं. "तुझ्या खोक्याच्या पायावर पाणी घातलं तर?"

पुठ्ठा होता. काय सांगणार?

चौदातल्या बारा जणांच्या घरी गणपती येतो. माझ्याही घरी येतो. दरवर्षी मी पाट आणि रुमाल घेऊन जातो, टोपी घालून. समोरच्याच्या जागी जाऊन बघायचं म्हणून आम्ही ऐंशी किलोमीटरांहून लांब आलो होतो आणि स्वतःच्याच जागी उभं राहून पाहिलं नव्हतं.

कुडाळकडची एक मुलगी आहे, दागिन्यांच्या शाखेची. दोन्ही भेटींत मिळून ती चार वाक्यंही बोलली नव्हती. ती आजींकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे पाट आधी देतात."

"म्हणजे?"

"गणपतीच्या शाळेत. घरचा पाट आधीच नेऊन द्यायचा. मूर्ती त्या पाटावरच करतात. पाट आला की त्यांना कळतं यंदा या घरची मूर्ती करायची. आणि चतुर्थीला डोक्यावर घेऊन यायचं, शेताच्या बांधावरून."

"हे तू फेब्रुवारीत का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं ते घरचं आहे, सर. रिसर्च नाही."

हे वाक्य मला अजून टोचतं. तिला तसं वाटायला लावणारा माणूस मीच, कारण पहिल्याच तासाला मी बजावलं होतं की स्वतःची गृहीतकं दाराबाहेर काढून ठेवा.

वहिनी मात्र वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरच थांबल्या होत्या. "पाट देताना पैसे देतात?"

"थोडे देतात. काही जण आल्यावर देतात. पण घर ठरलेलं असतं, वर्षानुवर्षं तेच."

वहिनींनी वही उघडली आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर धरली. जानेवारीपासून शाडू, रंग, मजुरी, पतपेढीचा हप्ता असे खर्चाचे आकडे पानामागून पान. जमेच्या बाजूला मे-जूनपर्यंत जवळजवळ काही नाही. व्यापारी माल उचलतो, थोडे पैसे देतो, बाकीचे गणपती झाल्यावर, कधी दिवाळीला. स्टॉलवर न विकलेल्या मूर्तींचे पैसे कापून. तुटलेल्या मूर्ती त्या वहीत एका ओळीत मावल्या होत्या. उशिरा आलेल्या पैशांवरचं व्याज दोन पानं व्यापून होतं.

टेक्स्टाइलच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला, ज्याच्यामागून १९६१मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्यात आपल्या साध्या लोट्याविषयी प्रश्नांची एक लांबलचक यादी आहे: तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, पाणी ओतताना धार कशी पडते. हा उतारा मी दरवर्षी वर्गात वाचतो, मुलं हरखतात. त्याच यादीत पुढे त्याची किंमत काय, तो विकायला कसा, द्यायला कसा, हेही प्रश्न आहेत. तिथपर्यंत येताना माझा आवाज दरवर्षी घाईचा होतो, हे मला त्या अंगणात उभं असताना जाणवलं.

जेवणं उरकली. वाल, भाकरी, आजींच्या हातचं लोणचं. मग मुलं शेडमध्येच फतकल मारून बसली. चिकटचिठ्ठ्या कुणी काढल्या नाहीत. प्रश्न वहिनी विचारत होत्या, मुलं हिशेब करत होती. शहरातल्या घरांनी एप्रिलमध्ये पाट आणि अर्धे पैसे दिले तर? किती घरं मिळाली म्हणजे पतपेढीचा एक हप्ता सुटतो? पंचवीस. बाकीचा माल व्यापाऱ्याला जायचा तो जाईलच, तो तोडायचा नाही, यावर दादा ठाम होते. "पाऊस, कोर्ट, काही झालं तरी त्याचा टेम्पो दारात येतो," म्हणाले. मुलांपैकी एकाला वाटत होतं व्यापारी म्हणजे खलनायक. त्याचा तो समज तिथे निम्मा झाला.

मग अॅनिमेशनच्या मुलाने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. स्पीकरवर. "आई, यंदा गणपतीचं आत्ताच ठरवूया? आपला पाट द्यायचा, पेणला, आणि अर्धे पैसे." पलीकडून आधी विचारपूस, जेवलास का, मग, "शाडूची आहे ना? मग घे की. पण सोंड डावीच." वहिनींनी वहीचं नवं पान उघडलं. एकेकाचे फोन सुरू झाले. एकीच्या बाबांनी साफ नकार दिला, आमचा मूर्तिकार ठरलेला आहे, तीस वर्षांचा. दुसऱ्याच्या मावशीने अगोदर मूर्तीचा फोटो मागितला. निघेपर्यंत त्या पानावर नऊ नावं होती, आणि माझं दहावं.

पुढचं थोडक्यात. अक्षय्य तृतीयेपर्यंत पानावर ३१ घरं झाली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "यात तुम्ही डिझाइन नेमकं काय केलं?" कुडाळच्या मुलीने वहिनींच्या पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, मागे कोरी होती, आणि मध्यम गुण दिले. जूनमध्ये प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला न्यायालयाने मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नाही, आणि दादांच्या माळ्यावरचा माल खाली आला. त्या पंचवीस घरांच्या गणिताची गरज तेव्हा कमी झाली, असं मला वाटलं. वहिनींना तसं वाटलं नाही.

पाटांचा एक फायदा आमच्यापैकी कुणीच योजला नव्हता. टेम्पोत मूर्तीला मूर्ती लागत नाही, पाटाला पाट लागतो. मूर्तीच्या चारी बाजूंनी बाहेर आलेला तो दोन बोटं लाकडाचा काठच सगळे धक्के खातो. ३१ मूर्ती पुण्याला आल्या, एका उंदराचा कान गेला.

आणि एक घोटाळा झाला. पाटांच्या मागे खडूने नावं लिहायची, असं मुलांनी ठरवलं होतं. रंगकामात दोन नावं पुसली गेली. हरतालिकेच्या रात्री साडेनऊला मला फोन आला, सदाशिव पेठेतून, एका विद्यार्थ्याच्या आजी. "मूर्ती सुरेख आहे हो, पण हा पाट आमचा नव्हे. आमच्या पाटाला कोपऱ्यात निरांजनाचा डाग आहे, चौपन्न सालचा."

तो डागाचा पाट कोथरूडला गेला होता, तिसऱ्या मजल्यावर. मूर्ती पाटावरच घडवलेली, त्यामुळे नुसता पाट बदलणं शक्य नव्हतं. दोन्ही घरं समजुतीची निघाली, पण कोथरूडच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीने एव्हाना गणपतीला स्वतःची टिकली लावली होती आणि ती मूर्ती द्यायला अजिबात तयार नव्हती. मी रुमाल टाकलेला गणपती पाटासकट मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने मीटर टाकायच्या आधी हात जोडले आणि विचारलं, "खोका नाही का हो मिळाला, साहेब?"